वरच्या मजल्यावरचे एल्डर

ज्या पोरानं तुमचा फ्रिज तीन मजले चढवून दिला, तो चहा घेत नसेल तर त्याचं करायचं काय? चंद्रपूरला हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्याकडे चहा नको म्हणणाऱ्याला शुगर तरी असते, नाहीतर त्याचं तुमच्याशी काहीतरी बिनसलेलं असतं.

मी राहतो फ्रायबर्गला, पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनच्या जवळ. एकेकाळी चांदीच्या खाणींचं गाव. खाणविद्येची अकादमी इथे १७६५ पासून आहे, तिथे शिकायला २०१९ च्या ऑक्टोबरात आलो आणि राहिलो. खाणीच्या गावातून खाणीच्या गावात. वडील वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, होते, त्यामुळे घरी फार समजावावं लागलं नाही. "दोन वर्षांत परत येतो," असं सांगून निघालो होतो. ते असू द्या.

गेल्या वर्षी घर बदललं. इथे भाड्याचं घर बदलायचं म्हणजे पुष्कळदा स्वयंपाकघरही उचलून न्यायचं. ओटा, कपाटं, सिंक, सगळं. नवं घर मिळालं जुन्या कम्युनिस्ट राजवटीत बांधलेल्या काँक्रीटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मदतीला येतो म्हणणाऱ्या तीन मित्रांपैकी एक आला, तोही पाठ दुखते म्हणत. आम्ही दोघं फ्रिजकडे बघत खाली उभे असताना पांढरे शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी अशी दोन पोरं सायकली लावत होती. त्यांनी टाय काढून खिशात कोंबले, बाह्या दुमडल्या आणि फ्रिज उचलला. मग ओटा. मग कपाटं. दोन तास. कोण, कुठला, काही विचारलं नाही. मीच विचारलं, तर म्हणाले, "आम्ही वर राहतो."

आणि मग मी चहा टाकला. आलं किसून, वेलची ठेचून, आईनं पाठवलेली पत्ती घालून. त्या ओट्यावरचा पहिला चहा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि उंच पोरगा कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "आम्हाला चालत नाही."

तर ही मॉर्मन पोरं. हे नाव त्यांना स्वतःला आवडत नाही. २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनीच सांगितलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या. पण 'येशू ख्रिस्ताचं अंतिम दिवसांच्या संतांचं चर्च' असं लिहिलं तर तिकडे कुणाला काही कळायचं नाही, म्हणून त्यांची माफी मागून मॉर्मनच लिहितो. मुलगे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षांसाठी घर सोडून प्रचाराला निघतात, मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. हा उंच पोरगा अमेरिकेतल्या आयडाहोचा, घरी बटाट्याची शेती. पत्र उघडलं तेव्हा त्याला वाटलं होतं ब्राझील येईल. आलं जर्मनी. जर्मनचा एक शब्द येत नव्हता. प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे भाषा शिकवली आणि सोडलं. पहिलं नाव वापरायचं नाही, फक्त एल्डर आणि आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय एकोणीस, ओठावर धड मिशी नाही, आणि वडीलधारा! आडनावं मी इथे देत नाही. एक उंच एल्डर, एक बुटका एल्डर.

परत चहाकडे येतो, कारण मी आठवडाभर त्यातच अडकलो होतो. चहा, कॉफी, दारू, तंबाखू, चारही बंद. नियम १८३३ सालचा. दारू-तंबाखू समजू शकतो. खर्रा म्हणजे काय हे मी त्यांना हातवारे करून समजावलं, तेव्हा बुटक्या एल्डरनं तोंड असं केलं की आमच्या गावाची अब्रू मीच घालवली असं वाटलं. पण चहा? मी म्हटलं, ग्रीन टी? तोही नाही. बर्फ घालून? नाही. मग फ्रिजवर नजर गेली आणि मी गंमत म्हणून कोकाकोला विचारला. चालतो! लिटरची बाटली दोघांनी उभ्या उभ्या संपवली. आता सांगा. माझ्या आईची पत्ती वर्ज्य आणि ते काळं साखरपाणी चालतं. मी त्यांना कॅफीनवर छोटंसं व्याख्यान दिलं, इंजिनिअर असल्याच्या सगळ्या अधिकारानं. उंच एल्डरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॅफीनचा नियमच नाही. चहा आणि कॉफीचा आहे." आता यावर काय बोलणार?

रात्री पडल्या पडल्या आठवलं, आमच्याकडे उपवासाला पोळी चालत नाही आणि तुपात थबथबलेली साबुदाण्याची खिचडी चालते. बटाटा चालतो, वांगं चालत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. सगळंच कशाला सांगायचं.

दुसऱ्या आठवड्यात पत्ती वगळून बाकी चहा केला. दूध, आलं, वेलची, साखर. त्यांना फार आवडला. याला आमच्याकडे नुसतं दूध म्हणतात हे सांगायचं जिवावर आलं. मग आशियाई दुकानात गवती चहा मिळाला. नावात चहा, पण झाड वेगळं. हे पटवायला मला फोनवर गवताचे फोटो दाखवावे लागले. तेव्हापासून आमचा करार आहे. सोमवारी गवती चहा.

सोमवार का, तर तो त्यांचा सुट्टीचा दिवस. सुट्टी म्हणजे कपडे धुणं, आठवड्याचा बाजार, केस कापणं, घरी फोन, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा टाय लावून बाहेर. तळघरात सामायिक धुण्याची खोली आहे, तिथे दुपारी यंत्राच्या गोल काचेतून दहा-बारा पांढरे शर्ट फिरताना दिसतात. मी सोमवारी घरून काम करतो, माझीही पाळी तेव्हाच. त्या बाकावर बसून मी त्यांचा आठवडा ऐकलाय. सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, मग वाचन, मग भाषा. मग बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला घरात, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. आणि एकटं कधीच राहायचं नाही. जोडीदार सतत नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवा. दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात. जोडीदार आवडो न आवडो, बदली येईपर्यंत ह्याच्यासोबतच दात घासायचे. मी होस्टेलमध्ये रूममेटशी भांडून खोली बदलून घेतलेला माणूस.

पैसा कुणाचा, हा तुमचा पुढचा प्रश्न, कारण आईचाही तोच होता. चर्च पगार देत नाही. अमेरिकेतली पोरं स्वतः साठवतात किंवा आईबाप भरतात, महिन्याला ५०० डॉलर. २०२० च्या मध्यापर्यंत ४०० होते. देश महाग असो की स्वस्त, भरायचे सारखेच. आणि जेवण? चर्चमधली कुटुंबं आळीपाळीनं जेवायला बोलावतात. आज ह्यांच्याकडे, परवा त्यांच्याकडे. मी म्हटलं, अरे, हे तर वार लावून जेवणं! माझे पणजोबा असेच शिकले. त्यांच्याकडे सभासदांच्या मोठ्या स्थानिक गटाला वॉर्ड म्हणतात हे कळल्यावर तर मला हसू आवरेना. वॉर्डात वार. हा विनोद भाषांतरात मेला, पण तुमच्यासाठी जपून ठेवला होता.

आईला सांगितलं, तर तिचं पहिलं वाक्य, "त्याईच्या नादी नको लागू." दुसरं, "अन् पोरं जेवतात का धड?" मी तिच्यावर चिडलो, मोकळ्या मनाचा वगैरे होऊन. पण खरं सांगायचं तर फ्रिज चढवला त्या रात्री माझ्याही मनात आलंच होतं की आता हे पुस्तक काढणार. त्यांनी काढलं, तिसऱ्या सोमवारी. निळं पुस्तक, 'बुक ऑफ मॉर्मन'. मी म्हटलं, मला नको, मी जसा आहे तसा बरा आहे. "ठीक आहे," म्हणाले आणि पुस्तक बॅगेत गेलं. नंतर पुन्हा निघालं नाही. इथल्या लोकांकडून ते दिवसभर 'नको'च ऐकतात. या भागात बहुतेक माणसं कुठल्याच चर्चची नाहीत. चाळीस वर्षांच्या राजवटीनं देव पार पुसून टाकला. दार उघडतं, नावपट्टी दिसते, दार बंद होतं. उंच एल्डर सांगत होता, एकदा दिवसभरात एकाच माणसानं घरात घेतलं, आणि तेही त्याला वाटलं की इंटरनेट दुरुस्त करायला आलेत. त्यांनी ते दुरुस्त करून दिलं.

मजा म्हणजे त्याच राजवटीत इथे त्यांचं देऊळ बांधलं गेलं. १९८५ साल, बर्लिनची भिंत उभी असताना. इथले सभासद देवळासाठी स्वित्झर्लंडला जायची परवानगी मागायचे. सरकारला माणसं बाहेर सोडायची नव्हती, मग म्हणालं, इथेच बांधा की. उद्घाटनाआधी सगळ्यांना आत सोडलं तेव्हा जवळजवळ ९० हजार माणसं बघायला आली. आमच्या तळमजल्यावरच्या आजीबाई त्या रांगेत होत्या. धर्माशी काही देणंघेणं नाही, "पण रांग दिसली की उभं राहायचं, अशी तेव्हा सवय होती," म्हणाल्या. बाहेरच्या प्रचारकांना शिरकाव मिळाला १९८९ च्या मार्चमध्ये, आणि नोव्हेंबरात भिंतच पडली. मलाही देऊळ आतून बघायचं होतं. नाही म्हणाले. आता फक्त सभासद, तेही चर्चचं शिफारसपत्र असलेले. बागेत फिरा. मला चांगलाच राग आला. देवाच्या दारात कसली पत्रं, असं बोलणार होतो. पण आपल्याकडेही दारावरच्या पाट्या मी वाचल्या आहेत, म्हणून गप्प बसलो.

हे सगळं आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं.

तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी खाली गेलो तर उंच एल्डर बाकावर एकटा. एकटा म्हणजे बुटका दाराशी, पाठ करून उभा. यंत्र थांबलेलं, शर्ट आत तसेच ओले. त्यानं सांगितलं, गुरुवारी आजोबा गेले. ज्यांनी त्याला ट्रॅक्टर शिकवला ते. शनिवारी दफन झालं, ते त्यानं फोनच्या पडद्यावर पाहिलं. परवानगी मागितलीस का, मी विचारलं. "मागितली नाही. त्यांनीच निघताना सांगितलं होतं, माझ्यासाठी येऊ नकोस." मग म्हणाला, आता निदान दर आठवड्याला घरच्यांना बघता येतं. २०१९ च्या आधी वर्षाला दोनच फोन असत, नाताळ आणि मदर्स डे. बाकी पत्रं आणि मेल. त्याच्या भावानं तसे काढले.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो ते माझ्याबद्दल. माझी आजी २०२३ च्या जानेवारीत गेली. मी गेलो नाही. घरी सांगितलं, तिकीट नाही मिळालं. इथे सांगितलं, नोकरी नवी आहे, प्रोबेशन संपायचंय. तिकीट होतं. फ्रँकफर्टहून मुंबई, तिथून नागपूर, दुसऱ्या दिवशी रात्री पोचलो असतो. रजाही बहुतेक मिळाली असती, मी मागितली नाही. तसंही तोवर सगळं आटोपलंच असतं, तिसऱ्या दिवशी पोचून मी काय केलं असतं, आणि आईच म्हणाली होती की धावपळ करू नको. हे सगळं मी जर्मनमध्ये बोललो. तीन वर्षांत मराठीत कुणाशी बोललेलो नाही. त्यानं ऐकून घेतलं. उपदेश केला नाही, पुस्तक काढलं नाही. उठून यंत्राचं दार उघडलं आणि शर्ट काढायला लागला. मीही दुसरी बाजू धरली. ओले शर्ट झटकून दोरीवर.

त्याला परतायची तारीख माहीत आहे. फोनमध्ये नाही, तोंडपाठ. विमानतळावर पाटी घेऊन कोण उभं राहणार तेही माहीत आहे. माझी दोन वर्षं २०२१ मध्ये संपली. आई आता विचारत नाही. "काय करून राहिला?" एवढंच विचारते, आणि मी सांगतो, स्वयंपाक.

गेल्या शनिवारी बदलीचा निरोप आला. सहा आठवडे संपले, उंच एल्डरला दुसरं गाव. मंगळवारी रात्री मी तर्री पोहे केले, डबाभर वर नेऊन दिले. तर्री वेगळी, धीर असेल तर घाला म्हटलं. बुधवारी सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा जिन्यात दोन बॅगा ओढल्याचा आवाज ऐकू आला होता. खाली गेलो तोवर ते स्टेशनकडे निघून गेले होते.

संध्याकाळी दाराशी डबा. धुतलेला, कोरडा. रिकामा डबा परत करायचा नसतो हे मी त्यांना कधी सांगितल्याचं आठवत नाही. उघडला तर आत चार बटाटे. वर पिवळी चिठ्ठी, जर्मनमध्ये: हा बटाटा आयडाहोचा नाही, माफ कर. 'डेर कार्टोफेल' लिहिलं होतं. जर्मनमध्ये बटाटा स्त्रीलिंगी. इतक्या महिन्यांनीही पोरानं चूक केलीच.

पण आमच्याकडे तो बटाटाच. चिठ्ठी तशीच फ्रिजवर लावून ठेवली आहे.