जर्मनीतलं बंद घर आणि गुहागरचा चिरा

गुहागरला माझा धाकटा भाऊ घर बांधतोय. नकाशा पाठवला की सोबत मागणी येते, “ताई, तुमच्या जर्मनीसारखं करू या, वीजबिल कमी यायला हवं.” त्याला फोनवर तुटक तुटक सांगते ते इथे सलग लिहिते, कारण दापोलीपासून मालवणपर्यंत कितीतरी जण सध्या घर बांधतायत.

मी राहते त्या फ्रायबुर्गमध्ये ‘पासिफहाउस’ पद्धतीची घरं बरीच आहेत. असं पहिलं घर १९९१ मध्ये डार्मश्टाटला राहतं झालं. भिंतींना जाड उष्णतारोधक थर, तीन काचांच्या खिडक्या, फट जवळजवळ कुठेच नाही. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब काढून ती आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र. घर उबदार ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांहून जास्त ऊर्जा लागू नये, हा दंडक. डिसेंबरात याचं सुख खरंच मोठं आहे. पण हेच घर गुहागरात बांधलं, तर मे महिन्यात यंत्र बंद पडताच आत बसवणार नाही. इथे झुंज थंडीशी आहे. आपल्याकडे ऊन, दमटपणा आणि खारा वारा.

जर्मनांकडून घ्यावा तो क्रम. आधी घराची गरज कमी करायची, यंत्राचं नंतर बघायचं. आपण सरसकट स्लॅब टाकतो. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो, म्हणून एसी येतो. चार पावसाळ्यांत स्लॅब गळतो, म्हणून वर पत्र्याची शेड येते. खारी हवा काँक्रीटमध्ये मुरली की सळई गंजते, फुगते आणि पोपडे सुटतात. हा सगळा खर्च बघून मला फार वाईट वाटतं, कारण उत्तर गावातच आहे.

ते म्हणजे जांभा, कोकणातला तांबडा दगड. तो खाणीत मऊ असतो, हवेवर कठीण होतो. चिरा म्हणजे त्याचा ठोकळा कापायचा असतो, विटेसारखा भाजावा लागत नाही, त्यामुळे इंधन वाचतं. तो पाणी मात्र पितो. पावसाच्या बाजूला पाखं, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, चांगली पुढे काढायला हवीत. नव्या खाणींनी सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, पोखरली जातायत, तेव्हा पाडलेल्या घरांचे चिरे आणि किंजळीच्या लाकडाचे वासे आधी शोधावेत असं मी आग्रहाने सांगेन. वर मंगलोरी कौलं. त्यांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळुरात काढला तो स्वित्झर्लंडच्या बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने, आणि ते बासेल माझ्या इथून तासाभरावर! कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. वादळाचं म्हणाल, तर ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’मध्ये कौलं आणि पत्रे दोन्ही उडाले, वासे भिंतीला नीट जखडणं कशातच टळत नाही.

पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. जुना ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३०-३५. सोलर त्यानंतर, तीन किलोवॅटला केंद्राचं ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. पावसाळ्यात त्याची वीज बरीच घटते, हे हिशोबात धरा.

भावाने कौलं मान्य केलीत. पश्चिमेच्या मोठ्या काचेवरून मात्र आमचा वाद चालू आहे. त्याला समुद्र हवाय. मी म्हणते, पुढे खोल पडवी काढ आणि समुद्र तिथे बसून बघ.