पाव पानाची जाहिरात

आषाढ लागला की माझी कापडी पिशवी बाहेर निघते. तिच्यात गेल्या वर्षीचे चार अंक, दरपत्रक, पावतीपुस्तक आणि एक स्टीलची पट्टी. अर्धं पान म्हणजे नेमकं केवढं, ते दुकानदाराला पट्टी लावून दाखवावं लागतं, नाहीतर छापून आल्यावर "एवढीशीच?" म्हणून तोंड पडतं. आमचे हे सांगलीतून दिवाळी अंक काढतात, त्याला 22 वर्षं झाली. लेखक, कवी, मुद्रितं हे त्यांचं खातं. जाहिराती माझ्याकडे. गणपती पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत मला सगळे वहिनी म्हणतात, ते या पिशवीमुळे.

"तुमच्या अंकात जाहिराती फार असतात," असं दरवर्षी कुणीतरी सांगतंच. त्यांच्यासाठी हिशेब मांडते. आमचा अंक हजार प्रती निघतो. कागद, छपाई, बांधणी, मानधन, टपाल धरून एका प्रतीला 160 रुपये पडतात. किंमत आम्ही 150 ठेवतो, त्यातले 40 टक्के विक्रेत्याचे. हाती आले 90. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे 70 रुपये कुणीतरी घातल्याशिवाय अंक वाचकाच्या घरी पोचतच नाही. ते कुणीतरी म्हणजे पाइप-फिटिंगवाले, बेदाण्याचे अडते, डोळ्यांचे डॉक्टर, पतसंस्था. कविता छापून येते ती त्यांच्या पैशावर, आणि मला यात कमीपणा वाटत नाही.

कमीपणा न वाटण्याचं एक कारण माहेरचं आहे. माझं माहेर पलूस तालुक्यातलं, आजोबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात ओतशाळेत होते. कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा तो विकता विकला जाईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला असून भागत नव्हतं, तो का चांगला हे बांधावर जाऊन सांगणारं कुणीतरी हवं होतं. 1920 साली वाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यायला. संपादक शंकरराव किर्लोस्कर. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आलं, 1934 मध्ये ‘मनोहर’. माझ्या आईच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे अंक साड्यांच्या खाली असत. मराठी बाईला वाचायला, लिहायला लावणारं ते मासिक ज्या घरात जन्मलं, त्या घराचा पाया नांगराच्या जाहिरातीचा होता. जाहिरात म्हणजे फसवणूक असं कुणी सरसकट म्हणालं की मला आईची ती ट्रंक आठवते.

पण फसवणूक असतेच, आणि एकदा ती आमच्याच पानावरून झाली.

अंकाचं चौथं वर्ष होतं. पैसे कमी पडत होते. एक गृहस्थ आले, पूर्ण पान हवं म्हणाले, रोख आणि आगाऊ. मजकूर होता, मधुमेह तीन महिन्यांत मुळापासून बरा. मी पावती फाडली. जानेवारीत एका वाचकाचं पत्र आलं. त्यांच्या आईनं ती जाहिरात वाचून गोळ्या बंद केल्या होत्या. पायाची जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. पत्रात शिवी नव्हती, राग नव्हता. एवढंच होतं की, "आई म्हणाली, अंक आपल्या माणसांचा आहे, त्यात खोटं येणार नाही." ते पत्र माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात अजून आहे. अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे, मधुमेहाचं नाव त्या यादीत आहे आणि छापणाराही त्यात धरला जातो, हे मला नंतर कळलं. कळलं नसतं तरी फरक पडला नसता. कायद्यापेक्षा तो विश्वास मोठा होता आणि तो मी पूर्ण पानाच्या दरात विकला. तेव्हापासून मजकूर मी स्वतः वाचल्याशिवाय पावती फाडत नाही. बरा करतो, वश करतो, दामदुप्पट देतो, असलं काही आलं की हात जोडते. दरवर्षी एकदोन पानं त्यापायी जातात. जाऊ देत.

आता 2019 ची गोष्ट सांगते. ऑगस्टमध्ये कृष्णेनं आयर्विन पुलाजवळ 57 फूट गाठले. धोक्याची पातळी 45 ची. जाहिराती गोळा करायचे ऐन दिवस ते, आणि माझी सगळी गिऱ्हाइकं पाण्यात. पाणी उतरल्यावर पंधरा दिवस मी पिशवीला हात लावला नाही. ज्याच्या दुकानातनं फावड्यानं चिखल काढतायत त्याला पाव पान घेता का, असं कुठल्या तोंडानं विचारायचं? यंदा अंक नको, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

सप्टेंबरात मारुती चौकाच्या बाजूला एका कापड दुकानदाराला नुसतं भेटायला गेले. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. रेघेखाली रंग फुगून पापुद्रे सुटलेले, वर पूर्वीचाच पिवळा. वह्या दोरीवर वाळत घातल्या होत्या आणि शाई उतरून सगळी पानं एकाच निळ्या रंगाची झाली होती. मी उठायला लागले तर ते म्हणाले, "वहिनी, यंदा माझी जाहिरात विचारली न्हाईसा?" मला बोलता येईना. त्यांनी नव्या मालाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर मार्करनं लिहिलं:

"दुकान सुरू झाले आहे. सर्व माल नवीन आहे. पुराचा माल विकत नाही."

खाली नाव, पत्ता. एवढंच.

त्या दिवसांत पुरात भिजलेलं कापड धुऊन, इस्त्री करून विकतायत, अशी गावभर कुजबुज होती. गिऱ्हाईक साडी हातात घेई, नाकाला लावी आणि ठेवून देई. ते दुकानदार सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला तेच सांगत बसले असणार. ते मी पाव पानात छापलं, त्यांच्याच शब्दांत, एकही नक्षी न लावता. खोटं बोलायला त्यांना ते दिवस सोयीचे होते. तरी त्यांनी आपला शब्द नाव-पत्त्यासकट कागदावर दिला. माझ्या मते जाहिरात म्हणजे हेच: उद्या कुणी दारात येऊन विचारलं तर नाव-पत्ता आपला आहे.

त्या वर्षी अंक निघाला. 48 पानं कमी होती. त्या पुठ्ठ्याबद्दल मी पुढच्या दुकानात सांगितलं आणि तिथूनही मजकूर आला: "चक्की दुरुस्त झाली." मग एका दवाखान्याचा, नव्या जागेचा पत्ता. तो अंक उघडला की शहर एकेक करून शटर वर करतंय असं वाटतं.

हल्ली पुष्कळ दुकानदार फोनवरच्या जाहिरातींना पैसे घालतात. माझी त्यावर तक्रार नाही. किती जणांनी बघितलं ते त्यांना आकड्यात दिसतं, मी तो आकडा देऊ शकत नाही. मुलगी पुण्यातून सांगते, चपला एकदा शोधल्या तर आठ दिवस चपलाच दिसतात. मला काळजी वाटते ती फोनवर अजूनही तीन महिन्यांत मधुमेह बरा होतो याची. तिथं पावती फाडण्याआधी मजकूर कोण वाचतं?

कापडवाल्यांनी 2020 मध्ये जाहिरात बदलली, पैठणीचा फोटो दिला. 2021 च्या जुलैत कृष्णेचं पाणी पुन्हा शहरात आलं. ओसरल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मागे झाडूचा खराखरा आवाज येत होता.

"वहिनी, त्यो पुठ्ठा हाय न्हवं तुमच्याकडं?"

"आहे की."

"त्येच छापा."