सालपट

मेंढी अगदी हाताशी आली होती. मी केळं खाऊन संपवलेलं, साल चिमटीत धरलेलं, आता पुढे करणार तेवढ्यात मागून लेकीचा आवाज, "आई, नाही हं! इथे असं काही खायला घालत नाहीत." मेंढी बिचकली, निघून गेली आणि साल राहिलं माझ्या हातात.

कचऱ्याचा डबा होता तसा समोरच. पण केळ्याचं साल डब्यात टाकायचं म्हटलं की माझा हात धजत नाही, पन्नाशी उलटली तरी. पुण्यात सोसायटीत ओला कचरा वेगळा घेतात, त्याचं खत होतं वगैरे सगळं माहितीये, तरी मी साल घेऊन खाली उतरते आणि गाय शोधत कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. (गाय नसतेच. शेवटी खतातच जातं, पण एक चक्कर मारल्याचं समाधान.) रावेरकडचं माहेर, घरची केळी, आणि आमच्याकडे साल म्हणजे म्हशीचा हक्क. एखाद्या पोरानं साल इकडेतिकडे टाकलं तर आबा त्याला बोलायचे नाहीत, नुसते उठायचे, साल उचलायचे, धोतराला पुसायचे आणि म्हशीपुढे ठेवून यायचे. आम्हाला ते मारापेक्षा जास्त लागायचं.

तर ते साल टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि चॅट्सवर्थ हाउस बघायला आत शिरले. कुणाच्या घरी रिकाम्या हाती जाऊ नये म्हणतात.

ही गोष्ट कोविडच्या आदल्या वर्षीची, जून 2019. लेक तेव्हा शेफिल्डला होती, तिथून बसनं डर्बीशरच्या डोंगरात गेलं की ड्यूक ऑफ डेव्हनशरचा हा वाडा. वाडा म्हणजे काय, खिडक्यांच्या चौकटींना बाहेरून सोन्याचा वर्ख लावलेला, ऊन पडलं की लखलखतात. बेस ऑफ हार्डविक नावाच्या बाई आणि त्यांचे यजमान, यांनी 1549 साली ही जागा 600 पौंडाला घेतली. बाईंची चार लग्नं झाली आणि दर लग्नागणिक त्या श्रीमंत होत गेल्या. आत्ताचं घर बरंचसं पुढच्या पिढ्यांनी बांधलेलं, पण जागा बाईंची.

मला खरं तर वाड्यांचं फार नाही. आपल्याकडचे असोत की तिकडचे, दोरीच्या अलीकडून दुसऱ्यांचे पलंग बघत फिरायचं म्हणजे कुणाच्या तरी घरी नको त्या वेळी टपकल्यासारखं वाटतं. शिवाय माझं लक्ष भलतीकडेच. तो पेंटेड हॉल आहे ना, त्याच्या छतावर आणि भिंतींवर ज्युलियस सीझरचं अख्खं चरित्र रंगवलंय, लोक माना वर करून स्तब्ध उभे, आणि मी आपली बघतेय की एवढ्या उंचावरची कोळिष्टकं कशानं काढत असतील. एकंदर सव्वाशे खोल्या आहेत म्हणे. बघायला मिळतात तीसेक. त्या तीसमध्येच माझे पाय गेले.

एक दार मात्र मनापासून आवडलं. म्युझिक रूममध्ये एक दार अर्धवट उघडं ठेवलेलं, त्याच्या आत दुसरं दार, आणि त्या दुसऱ्या दारावर खुंटीला व्हायोलिन टांगलेलं. आता सोळाव्या की सतराव्या खोलीत काहीतरी घरगुती दिसलं म्हणून मी जरा पुढे वाकले तर कळलं की व्हायोलिन नाहीच, चित्र आहे. दारावरच रंगवलंय, सावलीसकट. तीनशे वर्षं झाली त्या चित्राला. खोलीत बसलेल्या आजोबांनी, म्हणजे तिथले स्वयंसेवक असतात ते, माझ्याकडे बघून हलकंच हसून मान डोलावली, रोज शंभर जण फसत असणार त्यांच्यासमोर. मी पर्स घट्ट धरून पुढे सरकले, कारण एव्हाना पर्समधून वास यायला लागला होता, पिकल्या केळ्याचा, गोडसर. लेकीच्या ध्यानात आलं होतं, ती दोन पावलं लांबून चालायला लागली.

बागेत आल्यावर हायसं वाटलं. बाग म्हणजे शंभरावर एकर, आणि तिच्यापलीकडे दिसणारं ते पार्क, नदी, ओढ्याकाठची झाडं, हिरवी टेकडी, सगळं देवानं केल्यासारखं दिसतं, ते अठराव्या शतकात एका माणसानं आखून करून दिलंय, केपेबिलिटी ब्राउन त्याचं नाव. एका ड्यूकला तर घरातून गाव दिसलेलं चालेना म्हणून गावच हलवलं. आमच्या घरासमोर शेजाऱ्यांनी गोठा बांधला तर आबा वीस वर्षं नुसते पुटपुटत राहिले.

त्याच ड्यूकला, सहाव्या, वाटलं की 1844 साली रशियाचा झार येणार. म्हणून त्यानं घरासमोरच्या लांबोडक्या तळ्यात कारंजं करायचं ठरवलं, जगात उंच. वर डोंगरात आठ एकरांचं तळं खणलं, लोखंडी पाइप खाली आणला, आणि पाणी आपल्याच वजनानं उडालं, नव्वद मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. मोटार नाही काही नाही. मी लेकीला म्हटलं, बघ, लोडशेडिंगचा प्रश्नच नाही, रात्री दोनला उठून पंप चालू करायला जायला नको. ती म्हणाली, आई, तू इथेपण तेच? तर काय. झार काही आला नाही. इंग्लंडात आला, इथे आला नाही. कारंज्याचं नाव मात्र अजून एम्परर.

हे सगळं घडवलं जोसेफ पॅक्स्टननं. हा माळ्याच्या कामावर लागलेला पोरगा, तेविसाव्या वर्षी इथला मुख्य माळी झाला, पुढे लंडनचा तो काचेचा क्रिस्टल पॅलेस यानंच बांधला. ड्यूकला झाडांचं वेड आणि याला करून दाखवायची खाज, म्हणजे पैसा आणि अक्कल एकाच आवारात, असं क्वचित जमतं. एका फुलझाडासाठी त्यांनी 1835 साली माळी पाठवला थेट कलकत्त्याला. अ‍ॅमहर्स्टिया, ब्रह्मदेशातलं झाड. माळी दोन वर्षांनी झाड घेऊन परत आला आणि ते झाड काही ड्यूककडे फुलेना. फुललं ते लंडनजवळच्या एका बाईंच्या बागेत! असे शेजारी सगळीकडे असतात.

आणि मग एका काचेच्या घरापाशी मी थांबले. काचेला आतून वाफ धरलेली, आणि वाफेच्या पलीकडे पान. एवढंसं दिसलं तरी पुरतं, केळीचं पान मला झोपेतही ओळखू येईल. लेकीनं फोनवर वाचून दाखवलं आणि मी बाजूच्या बाकावर बसलेच.

जगभरात दुकानातून जे पिवळं केळं विकलं जातं त्याचं नाव कॅव्हेंडिश. कॅव्हेंडिश म्हणजे हेच, या ड्यूकचं आडनाव. झाड मूळ चीनकडचं, मॉरिशसवरून इंग्लंडात आलेलं, पॅक्स्टननं एक रोप मिळवलं आणि काचेखाली, बॉयलरच्या उबेत वाढवलं. 1835 च्या नोव्हेंबरात निसवलं, म्हणजे केळफूल बाहेर पडलं, पुढच्या मे महिन्यात शंभराच्या वर केळी लागलेली, प्रदर्शनात पदक, मालकाच्या आडनावावरून बारसं. (नोव्हेंबर ते मे म्हणजे सहा महिने हो! आमच्याकडे निसवल्यावर तीन-साडेतीन महिन्यांत घड कापायला येतो. थंडीनं चरका बसला असणार.) मग एका मिशनऱ्यानं इथली रोपं समोआला नेली, तिथून ती बेटाबेटांवर गेली. तेव्हा जगात दुसरंच केळं चालायचं, ग्रो मिशेल, त्याला पनामा रोग लागला, गेल्या शतकाच्या मध्यावर मळेच्या मळे बसले आणि ड्यूकच्या केळ्यानं जागा घेतली.

आता आमच्या रावेर-यावलची केळी ड्यूककडून आली असं काही नाही, ती कशी आली ती आली. पण आबांची बसराई याच कॅव्हेंडिशची बुटकी जात आणि आता सगळे लावतात ती जी-नाईनही त्याच गोतावळ्यातली. म्हणजे आबा जन्मभर ज्याला पाणी भरत राहिले त्याला ड्यूकचं आडनाव होतं आणि आबांना पत्ता नाही. ड्यूकलाही आबांचा नाही.

मला आठवला माझा केळीतला फ्रॉक. केळीच्या चिकाचा डाग जात नाही, आधी दिसतच नाही आणि वाळला की काळा-तपकिरी होऊन बसतो, म्हणून आईनं एक फ्रॉक वेगळा ठेवलेला, मळ्यात जायचा. कापणी असली की मी तो घालून आबांच्या मागे. एक गडी विळ्यानं खोडाला अर्धवट घाव घालायचा, झाड कमरेत वाकल्यासारखं हळूहळू खाली यायचं, आणि दुसरा खांद्यावर गोणपाट टाकून घड अलगद झेलायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही. डाग पडला की व्यापारी भाव पाडतो. तान्हं पोर घेतात तसा घ्यायचे घड. आणि एक रात्र आठवली, असाच जून, मी नऊ-दहा वर्षांची. वारं सुटलं, लाइट गेले, आणि मळ्याच्या बाजूनं आवाज यायला लागले, धप्प, मग थोडं थांबून परत धप्प. आई म्हणाली झोपा. आबा ओट्यावर बसून होते, अंधारात, प्रत्येक आवाजाला मान थोडी हलायची. बाहेर मात्र गेले नाहीत. जाऊन काय करणार होते, धरून ठेवणार होते?

लेक म्हणाली चल, तो चक्रव्यूह बघू, म्हणजे झुडपांची मेझ. ती मेझ जिथे आहे तिथे पॅक्स्टनचं सगळ्यात मोठं काचघर होतं. आठ बॉयलर, जमिनीखालून सात मैल पाइप, आतून घोडागाडी जाईल एवढं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, माणसं मिळेनात, आतली झाडं थंडीनं मेली. 1920 साली सुरुंग लावून पाडलं, तेही एका झटक्यात पडलं नाही. आता तिथे पोरं झुडपांत हरवत होती आणि हसत होती. आम्हीही हरवलो जरा वेळ.

परतीच्या बसची वाट बघताना चुलतभावाला फोन लावायचा ठरवला. आबांची जमीन आता तोच करतो. फोन काढायला पर्समध्ये हात घातला तर आधी सालच हाताला लागलं, टिश्यू भिजून चिकटलेला. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असतील. ड्यूक, पदक, मॉरिशस सगळं त्याला रंगवून सांगायचं होतं.

"ताई, परवा वारं आलं," तो म्हणाला. "अर्धी बाग आडवी झाली. निसवलेली होती सगळी, कापणीला महिना राहिला होता."

मी काही बोलले नाही. पंचनामा झाला का विचारलं, तो म्हणाला तलाठी उद्या येतो म्हणालेत. मग तोच म्हणाला, बरं, तू कशाला फोन केला होता? मी सांगितलं थोडक्यात. एवढं रंगवून नाही सांगता आलं. त्यानं ऐकून घेतलं.

"टेकू देतात का तिथले झाडाला? बांबूचा देतात की पट्टीचा?"

"काचेच्या आत असते रे ती. वारा कुठून लागणार तिला."

"हां," तो म्हणाला. "मग बरंय."