व्हीएतलं संशोधन आणि ओव्हरहेडचा हिशेब : माझा अनुभव

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधनाच्या ग्रँट्सचं बजेट आणि हिशेब बघते. आमच्या मेडिकल कॉलेजशी माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय संलग्न आहे. इथे सगळे त्याला नुसतं ‘व्हीए’ म्हणतात. व्हीए आणि मेडिकल कॉलेजांचं हे नातं १९४६ पासूनचं आहे. अनेक डॉक्टर दोन्हीकडे नोकरीला असतात, आठवड्याचे काही तास इथे, काही तिथे. अशाच एका डॉक्टरांनी एनआयएचकडे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, पाठवायच्या पाच वर्षांच्या प्रस्तावाचं बजेट माझ्याकडे आलं. काम बहुतेक व्हीएत होणार होतं, आणि कच्च्या बजेटात ओव्हरहेड मात्र विद्यापीठाच्या पूर्ण दराने लावलेला होता.

ओव्हरहेड म्हणजे कुठल्याही एका प्रकल्पावर थेट टाकता न येणारा खर्च : इमारत, वीज, देखभाल, हिशेबनीस, नैतिक मंजुरीची समिती. त्याचे दोन भाग असतात, इमारतीचा आणि प्रशासनाचा. विद्यापीठांच्या बाबतीत प्रशासनाच्या भागावर १९९१ पासून २६ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. इमारतीचा भाग प्रत्येक विद्यापीठ केंद्र सरकारशी बोलणी करून ठरवतं. दोन्ही मिळून अनेक मोठ्या विद्यापीठांचा दर ५० टक्क्यांच्या वर जातो. काम विद्यापीठाच्या आवाराबाहेर होत असेल तर इमारतीचा भाग गळतो आणि साधारण २६ टक्के उरतात.

आकड्यात सांगते. दर ५५ टक्के धरा आणि ओव्हरहेडला पात्र असलेला खर्च वर्षाला २,००,००० डॉलर. आवारातला दर लावला तर ओव्हरहेड १,१०,००० डॉलर, आवाराबाहेरचा लावला तर ५२,०००. मधले ५८,००० डॉलर इमारतीचे. इमारत व्हीएची असेल तर हे पैसे विद्यापीठाने घ्यावेत कशाला?

पण ते व्हीएलाही मिळत नाहीत. व्हीए केंद्र सरकारचीच संस्था आहे आणि एनआयएच केंद्रीय संस्थांना ओव्हरहेड देत नाही, कारण त्यांचा खर्च संसदेने मंजूर केलेल्या निधीतून भागतो असं गृहीत आहे. कागदावर हे बरोबरच आहे. प्रत्यक्षात तो निधी रुग्णसेवेसाठी असतो, आणि प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडलं की दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तिथल्या लोकांपुढे उभा राहतोच.

आधी मी आमचा दरकरार, म्हणजे केंद्र सरकारशी ठरलेल्या ओव्हरहेड दरांचा करार, काढून वाचला. या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतः वाचावा, ऐकीव माहितीवर जाऊ नये. आमच्या करारात स्पष्ट होतं की एका ग्रँटला एकच दर लागेल, आणि निम्म्याहून जास्त काम आवाराबाहेर होत असेल तर सगळ्या ग्रँटला आवाराबाहेरचा दर. म्हणजे मुद्दा एकच उरला, काम नेमकं कुठे होतं?

ते बघायला मी व्हीएत गेले. प्रयोगशाळेच्या मॅनेजरबाईंनी एकेक खोली दाखवली. उणे ८० अंशांच्या फ्रीझरवर मालमत्तेचं स्टिकर व्हीएचं, शेजारच्या सेंट्रिफ्यूजवर आमच्या विद्यापीठाचं. फ्रीझरच्या दारावर तापमानाची वही टांगलेली, रोजची नोंद, रोजची सही. आत माजी सैनिकांच्या रक्ताचे नमुने, काही दहा वर्षांपूर्वीचे. “लाईट गेली तर जनरेटर रुग्णालयाचा, आणि रात्री अलार्म वाजला तर धावत येणारा माणूसही रुग्णालयाचा,” त्या म्हणाल्या. मी खोल्यांचे नंबर, यंत्रांची मालकी आणि कुठलं काम कुठे होतं हे सगळं एका तक्त्यात उतरवलं. पुढच्या प्रत्येक बैठकीत हाच तक्ता उपयोगी पडला. रुग्णांची निवड, नमुने घेणं, साठवणं, सगळं व्हीएत. फक्त सिक्वेन्सिंग (नमुन्यांतला जनुकीय क्रम वाचणं) आणि विश्लेषण आमच्याकडे. आवाराबाहेरचा दर लागणार हे उघड होतं.

कॉलेजच्या वित्त विभागाला हे रुचलं नाही. त्यांची अडचण खोटी नव्हती. ओव्हरहेडचा अंदाज धरूनच त्यांचं वर्षाचं बजेट बांधलेलं असतं. पण जी इमारत आपण चालवत नाही तिचा खर्च वसूल करणं मला पटत नव्हतं, आणि ऑडिटमध्येही ते टिकलं नसतं. मी तक्ता आणि करारातलं कलम समोर ठेवलं. चर्चा लांबली, पण दर बदलला.

आता व्हीएच्या वाट्याचं काय? इथे १९८८ चा कायदा कामाला आला. त्या कायद्याने व्हीए रुग्णालयांना संशोधनासाठी ना-नफा संस्था काढायची मुभा दिली. अशी संस्था केंद्र सरकारचा भाग नसते, ती एनआयएचचे पैसे घेऊ शकते आणि तिचा स्वतःचा ओव्हरहेड दर असू शकतो. आमच्या व्हीएची अशी संस्था होती, दरही ठरलेला होता. मग व्हीएत होणारं काम आम्ही उप-अनुदान म्हणून, म्हणजे आमच्या ग्रँटमधलाच एक हिस्सा देऊन, त्या संस्थेकडे दिलं. समन्वयक आणि तंत्रज्ञ तिच्या पगारावर, आणि त्यावरचा ओव्हरहेड तिचा. विद्यापीठ अशा उप-अनुदानाच्या फक्त पहिल्या ठरावीक रकमेवर स्वतःचा ओव्हरहेड लावू शकतं. ही रक्कम वर्षानुवर्षं २५,००० डॉलर होती, २०२४ च्या सुधारित नियमांत ती ५०,००० झाली. आमच्या दरकरारात जुनाच आकडा होता, म्हणून तोच धरला.

सगळ्यात किचकट निघाला तो डॉक्टरांच्या वेळेचा कागद. दोन्हीकडे नोकरी असलेल्यांसाठी विद्यापीठ आणि व्हीएमध्ये लेखी समजुतीचा करार लागतो. कुठे कुठलं पद, किती वेळ, काय जबाबदारी, सगळं त्यात यावं लागतं. व्हीएत नेमणूक आठव्या भागांत मोजतात. आमचे डॉक्टर ५/८ होते, म्हणजे आठवड्याचे २५ तास व्हीएचे. त्या तासांचा पगार व्हीए देते, तो ग्रँटवर टाकता येत नाही. ग्रँटमधून पगार मिळणार तो फक्त विद्यापीठाच्या वेळेपुरता, आणि एकाच तासाचे दोनदा पैसे मिळत नाहीत हे कागदावर दिसायला हवं. या करारावर दोन्हीकडच्या सह्या होईपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

विद्यापीठाच्या पगारावरच्या ज्या मुलांना व्हीएत जाऊन काम करायचं होतं, त्यांना तिथली बिनपगारी नेमणूक घ्यावी लागली : बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण. व्हीएच्या संशोधन समितीची मंजुरी वेगळी. हे प्रस्ताव पाठवतानाच सुरू करा, ग्रँट मिळेपर्यंत थांबू नका.

ग्रँट मिळाली. उप-अनुदानात आधी काम, मग बिल, मग पैसे असा क्रम असतो. संस्थेचं पहिलं बिल आलं तेव्हा मी ओळ न् ओळ तपासली. समन्वयकाचा पगार, नळ्या आणि रसायनं, शेवटी संस्थेचा ओव्हरहेड. एका रसायनाची पावती जोडलेली नव्हती, ती मागवून घेतली आणि बिल मंजूर केलं. पुढे संस्थेच्या संचालकांनी कळवलं की ओव्हरहेडच्या पैशांतून त्यांनी फ्रीझरच्या वार्षिक देखभालीचा करार केला आहे. आता त्याच रुग्णालयातला दुसरा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे, आणि त्याच्या खोल्यांचा तक्ता मी आधीच मागवलाय.