११२ दिवस

सकाळीच भोसरीहून निघालो, एका मोठ्या कंपनीत थकलेल्या बिलासाठी. माल देऊन ११२ दिवस झाले. दीड तास बसवून ठेवलं. मग परचेसच्या साहेबांनी बिलाचं नावही न काढता नवा कागद पुढे सरकवला. पुढच्या ऑर्डरला रेट आठ टक्के कमी करा, नाहीतर दुसरा व्हेंडर तयार आहे.

२००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही दरमहा. तक्रारीला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. पण तक्रार केली की ऑर्डर बंद, ही भीती आमच्या गल्लीत प्रत्येक वर्कशॉपवाल्याला आहे.

सगळ्यात लागलं ते हे, की माणूस वाईट नाही. चहा पाजला, लेकीच्या दहावीची चौकशी केली आणि त्याच सुरात आठ टक्के मागितले.

परत आलो तर लेथवर मामा. बोटांना कटिंग ऑइल तसंच. हळूच म्हणाले, "शेठ, उद्या पगार होईल ना?"

हो म्हणालो. आत्ता बायकोच्या एफडीची पावती शोधतोय.