जिथे औषध पोहोचत नाही

बर्लिनमध्ये मी छातीच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स आहे. फोनवर मावशी हमखास विचारते, "अगं, न्यूमोनियाला कसलं आलंय ऑपरेशन?"

खरंच, बहुतेकांना अँटिबायोटिक पुरतं. पण संसर्ग फार चिघळला, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद झाल्या, की तेवढा भाग मरतो. पायाला होतं तसंच हे गँगरीन. औषध रक्ताबरोबर फिरतं. रक्तच जात नसेल तिथे महागातलं इंजेक्शनही पोहोचत नाही. मग सडलेला भाग कापून काढणं उरतं.

आमच्याकडे जास्त येतात ते एम्पायमाचे पेशंट, म्हणजे फुप्फुसाभोवती पू साठलेले. आधी बरगड्यांमधून नळी घालतात. पू घट्ट होऊन त्याचे कप्पे झाले असतील तर दुर्बिणीतून ते मोडतात. फुप्फुसावर जाड थर चढला असेल तर तो सोलावा लागतो, आणि दबलेलं फुप्फुस तिथेच, टेबलावर, पुन्हा फुगतं. आपल्याकडे छातीत नळी म्हटलं की नातेवाईक हाय खातात. इथे पेशंट नळीला जोडलेला डबा हातात धरून कॉरिडॉरमध्ये चालतो, कारण पडून राहिलं तर कफ सुटत नाही. नळी नको म्हणून दिवस काढले की पू घट्ट होतो आणि मोठं ऑपरेशन करावं लागतं. हे मी मावशीला पुन्हा पुन्हा सांगते.

याच शहरात, शारिटे रुग्णालयात, 1931 साली सर्जन रुडॉल्फ निस्सन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीचं पुवाने भरलेलं अख्खं डावं फुप्फुस काढलं. पहिल्या खेपेला टेबलावरच तिचं हृदय थांबलं, म्हणून ऑपरेशन सोडावं लागलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी फुप्फुसाचं मूळ, म्हणजे जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात ती जागा, आवळून बांधलं आणि ते आतच ठेवलं. रक्त तुटलेलं फुप्फुस मेलं आणि काही दिवसांनी आपोआप गळून आलं. मुलगी वाचली. आम्ही ज्या मृत पेशींशी झगडतो, त्यांच्याच मरण्याचा त्यांनी उपयोग करून घेतला! वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

निस्सन ज्यू होते. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना जर्मनी सोडावी लागली. त्यानंतर त्यांच्या हातची कला इस्तंबूलच्या विद्यार्थ्यांना मिळाली.