उपाशी राहून फुललेलं एडलवाइस

पहिलं एडलवाइस मी खायला घालून मारलं.

इन्सब्रुकच्या सहलीहून एडिनबराला परतले तेव्हा पर्समध्ये ऑस्ट्रियाचं 2 सेंटचं नाणं उरलं होतं. त्यावर हेच फूल आहे. पुढच्याच आठवड्यात नर्सरीत त्याचं रोप दिसलं, टीचभर उंचीचं, पानांवर रुपेरी लव, हात लावला तर लोकरीसारखं. घेतलंच. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, स्वेटर घालूनच आलंय की हे! शेणखत घाल हो भरपूर." शेणखत कुठून आणणार? मी कंपोस्टची अख्खी पिशवी ओतली.

रोप असं फोफावलं की मीच खूश. टीचभराचं फूटभर झालं. मग देठ लुळे पडून आडवे झाले, पानांची चांदी गेली आणि हिरवा रंग वर आला. जानेवारीत मी वाळकी पानं काढायला गेले, तर सगळं झाड अलगद हातात. बूड काळं, बुळबुळीत, सडक्या अळकुडीसारखं.

मला वाटलं, थंडीनं गेलं. शेजारच्या आजोबांना मी हे सांगितलं तर ते हसले. आल्प्समध्ये 1800 ते 3000 मीटर उंचीवर राहणाऱ्या झाडाला एडिनबराची थंडी म्हणजे काहीच नाही. तिथे ते हिवाळाभर बर्फाखाली निजतं, आणि बर्फाखाली त्याचं अंग कोरडं असतं. इथे बर्फ टिकत नाही, नुसती रिपरिप. एडिनबराचा वर्षाचा पाऊस पुण्याच्या आसपासचाच, 700 मिलिमीटरच्या घरात. पण पुण्यात तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, इथे बारा महिने पुरवून पुरवून पडतो. त्या लोकरीत पाणी मुरून राहतं आणि झाड बुडातून कुजतं. लव आहे ती डोंगरावरचं कडक ऊन आणि कोरडा वारा सोसायला. सततच्या ओलीपुढे तिचं काही चालत नाही.

दुसऱ्या खेपेला बियाण्यापासून सुरुवात केली. बी अगदी बारीक, फुंकर मारली तर उडेल. ते मातीत पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. जानेवारीत कुंडीत निम्मी माती, निम्मी बारीक खडी घालून वर बी नुसतं भुरभुरलं आणि कुंडी बाहेर थंडीतच ठेवली. नवऱ्यानं दोनदा विचारलं, "ही रिकामी कुंडी आत घेऊ का?" मार्चमध्ये हिरवे ठिपके दिसले. त्यातले निम्मे गोगलगायींनी एका रात्रीत खाल्ले. उरली अकरा.

तोवर मी रोपांसाठी घर तयार करत होते. कुणीतरी टाकून दिलेलं चिनीमातीचं जुनं, खोल सिंक मिळालं. त्याला बाहेरून सिमेंट, वाळू आणि कोकोपीटचा गिलावा केला. वर्षभरात त्यावर शेवाळ चढून ते दगडासारखं दिसायला लागलं. (कोकणात नारळाची जी सोडणं आम्ही चुलीत घालतो, त्यांच्या भुश्शाची वीट इथे पैसे मोजून आणली, हे आईला अजून सांगितलेलं नाही.) तळाशी विटांचे तुकडे, वर एक भाग माती, दोन भाग खडी, मूठभर चुनखडीचा चुरा, कारण त्याला चुना आवडतो. खत शून्य. तांब्याभर पाणी ओतून बघितलं. तांब्या खाली ठेवेपर्यंत पाणी दिसेनासं झालं पाहिजे. पहिल्यांदा झालं नाही. सगळं उपसून आणखी खडी घातली.

रोपं दगडांच्या फटीत तिरकी बसवली आणि प्रत्येकाच्या गळ्याभोवती खडीचा दोन बोटं थर दिला, म्हणजे बूड ओल्या मातीला टेकत नाही. नोव्हेंबरात चार विटांवर जुन्या खिडकीची काच ठेवली: वरून पाऊस नको, बाजूंनी वारा हवा. मार्चमध्ये काच काढली.

आईला हा हिशेब पटेना. "नुसत्या दगडात? उपाशी मरेल गं ते." मग मीच तिला आमच्या सड्याची आठवण करून दिली. कातळावर बोटभर मातीत भाद्रपदात सीतेची आसवं फुलतात. तिनं ती एकदा हौसेनं उपटून परसात लावली होती, आठवड्यात गेली. अर्थात त्यांना पाणी हवं, याला नको. पण श्रीमंत माती दोघांनाही मानवत नाही. त्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं, तू शिकव आता मला."

पहिल्या वर्षी फूल नाही. दुसऱ्या जूनमध्ये सहा रोपांवर पांढऱ्या चांदण्या आल्या, बोटभर देठांवर, चांदी शाबूत. चांदणीच्या त्या पाकळ्या नव्हेतच, लव ल्यालेली पानं आहेत. खरी फुलं मधल्या पिवळसर बोंडांमध्ये, दिसतील न दिसतील अशी. आईला कॉलवर जवळून दाखवलं. "वाळलेलंच आहे ना हे?" तिनं विचारलं.

आता चौथं वर्ष. सगळ्यात जुना ठोंब मधून पोकळ झालाय. ही झाडं फार वर्षं टिकत नाहीत. एप्रिलमध्ये त्याचे चार तुकडे केले, तीन लागले. एक आजोबांच्या दारात गेलाय. त्यांनी तो नुसत्या खडीत लावलाय, आणि माझा ठोंब तीन बोटं उंच आहे तर त्यांचा दोनच, चांदी मात्र जास्त.